तीन घरं पुरे

ऑक्टोबर लागला की माझ्या टपालाचा रंग बदलतो. वर्षभर 'मराठीत बोललं तर इंग्रजीत उत्तर देतो', 'डबा तसाच परत येतो' अशी पत्रं, आणि आता एकदम भोपळे, सांगाडे, कँडी. न्यू जर्सीतल्या एका डेकेअरमध्ये मी चोवीस वर्षं दोन ते चार वर्षांच्या मुलांचा वर्ग सांभाळला, त्यामुळे हॅलोवीनबद्दलची, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागतात त्या सणाबद्दलची, माझी मतं जरा पक्की झाली आहेत. चालवून घ्या.

काकू, माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. मागच्या हॅलोवीनला तिच्या बाबाने गोरिलाचा मुखवटा घातला, लगेच काढूनही दाखवला, तरी ती तासभर रडली आणि रात्री त्याच्याजवळ झोपेना. यंदा शेजारच्यांनी लॉनवर बारा फुटी सांगाडा उभा केलाय. डेकेअरमधून येताना तिथे आलो की ही डोळे घट्ट मिटून घेते. नवरा म्हणतो, 'नेऊ या तिला, होईल सवय.' माझं मन घेत नाही. यंदा हॅलोवीन करूच नये का?

अगं, आधी तुझ्या नवऱ्याची बाजू घेते, कारण त्याने केलं तेच मीही केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मांजरीचा मुखवटा लावून वर्गात शिरले. प्लॅस्टिकचा, दोन डॉलरचा. मला वाटलं, पोरं टाळ्या पिटतील. एक अडीच वर्षांचा मुलगा असा किंचाळला की शेजारच्या वर्गातली बाई धावत आली. मी मुखवटा काढून 'अरे, मीच आहे' म्हटलं, तर तो आणखी मागे सरकला. दुपारी झोपताना रोज माझं बोट धरणारं ते पोर पुढे आठवडाभर माझ्याकडे चोरून बघायचं. ही परत मांजर होते की काय, म्हणून.

सगळी गोम तिथेच आहे. आपल्याला मुखवटा ही वरून लावलेली वस्तू दिसते. तीन वर्षांच्या मुलाला चेहरा बदलला की आख्खं माणूसच बदललेलं दिसतं. ऱ्हेटा डीव्ह्रीज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेनार्ड नावाच्या एका सोशिक मांजरावर हे करून पाहिलं होतं. मुलांनी आधी मेनार्डला गोंजारायचं. मग त्याचा पुढचा अर्धा भाग आडोशामागे न्यायचा, शेपटीकडची बाजू मात्र मुलांच्या डोळ्यांसमोरच. आडोशाआड त्याच्या तोंडावर उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवायचा आणि मुलांना विचारायचं, आता हा कोण? तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, कुत्रा. शेपूट सगळा वेळ समोर असूनही! सहा वर्षांच्या मुलांना मात्र ते मांजरच आहे, वर नुसतं सोंग आहे, हे कळत होतं.

तेव्हा तुझी लेक भित्री नाही आणि हट्टीही नाही. तिच्या हिशेबी त्या रात्री बाबा काही क्षण खरोखर गोरिला झाला होता. आणि एकदा झालेला माणूस पुन्हा केव्हाही होऊ शकतो. अशा माणसाशेजारी तू तरी झोपली असतीस का?

त्यानंतरची सगळी वर्षं मी एक नियम पाळला. जे काही व्हायचं ते मुलांच्या समोर बसून, हळूहळू व्हायचं. सगळे गोल करून खाली बसायचे, मध्ये आरसा. नाकावर एक काळा ठिपका लावला की विचारायचं, 'मी कोण?' 'टीचर!' एक मिशी काढली, 'आता?' 'टीचर!' सहाही मिशा झाल्या की ओली फडकी वाटायची आणि माझं तोंड मुलांकडून पुसून घ्यायचं. रंगवण्यापेक्षा पुसण्यालाच जास्त वेळ द्यायचा, कारण खाली टीचर शाबूत आहे हे त्यांच्या हातांना तेव्हा कळतं. तुमच्या घरी तो गोरिला अजून असेल तर त्याला आधी टोपलीसारखा उलटा जमिनीवर ठेवा. त्यात चेंडू टाका, तिच्या टेडीला घालून बघा. तिचं मन झालंच तर तिनेच तो बाबाला घालायचा आणि तिनेच काढायचा. नाही झालं तर गोरिलाला पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर टाका.

सांगाड्याकडे भर दुपारी, ऊन असताना जा. तो कुठे बांधलाय, वायर कुठून आलीये, डोळ्यांतला दिवा कुठल्या बटणाने लागतो, हे शेजाऱ्यांनाच दाखवायला सांग. आमच्या गल्लीतल्या एका मराठी मुलीने अशाच एकाचं नाव 'हाडूकाका' ठेवलं होतं आणि शाळेत जाताना ती त्याला रोज टाटा करायची. तरीही तुझी लेक डोळे मिटतच असेल तर दोन आठवडे दुसऱ्या रस्त्याने घरी या. थोडं पेट्रोल जाईल, दुसरं काही नाही.

आणि ३१ तारखेला? साडेपाचला निघा. आपल्या भागात त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, म्हणजे नेहमी हॅलोवीननंतर, म्हणून छोट्यांना एवढा तरी उजेड मिळतो. घरं फक्त तीन, तीही ओळखीची. त्यांना आधीच सांगून ठेव की दार उघडताना तोंड उघडं असू द्या. तिच्या तोंडून 'ट्रिक ऑर ट्रीट' ('खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू') फुटलं नाही तर तिच्या पाठीत ढोसू नकोस; तू म्हण, तिने बादली पुढे केली तरी झालं. मग घरी येऊन कँडीचा वाडगा तिच्या मांडीवर दे. या वयाच्या मुलांना मागण्यापेक्षा वाटण्यात जास्त गंमत वाटते, हे मी दर वर्षी पाहिलंय. मोठी, भेसूर सोंगं यायला लागली की पोर्चचा दिवा बंद कर. दिवा बंद म्हणजे 'आता नको', हे इथे सगळ्यांना कळतं.

आता एका आजीचं पत्र: मी मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. नातू चार वर्षांचा. सूनबाईने दारात कवट्या, थडगी आणि कोळ्यांची जाळी लावली आहे. ती जाळी मी जन्मभर झाडून काढत आले! वर दिवाळी तोंडावर. उंबऱ्यात स्मशान मांडलेलं मला बघवत नाही. बोलले तर 'आई, इथे असंच असतं' एवढंच उत्तर. हे नक्की कशाचं व्रत आहे?

ताई, कोळिष्टकांचं वाचून पोट धरून हसले. इथे ती विकत मिळतात, पिशवीत भरून, हे माझ्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

व्रत वगैरे काही नाही, पण यामागे पितरं आहेत, म्हणून तुम्हाला ते अगदी परकं वाटायचं कारण नाही. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, म्हणजे ऑल हॅलोज, आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. आपली सर्वपित्री म्हणा ना. ऑल हॅलोजची आदली संध्याकाळ ती हॅलोवीन. त्याहूनही जुना आहे आयर्लंडचा साविन, सुगी संपून हिवाळा लागायचा सण. त्या रात्री जिवंत आणि मेलेल्यांमधला पडदा विरळ होतो, अशी समजूत. पुढे इंग्लंडात गोरगरीब आणि मुलं या दिवसांत दारोदार जाऊन 'सोल केक' मागायची आणि बदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करायची. आपण कावळ्याला पान ठेवतो, त्यांनी शेजारच्या पोरांना खाऊ दिला. दिवे तेव्हा सलगमात कोरायचे. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडात दुष्काळ पडला, लोक लाखांनी अमेरिकेत आले, आणि इथे त्यांना कोरायला सोपा, ऐसपैस भोपळा सापडला.

खोड्यांचा भाग तर तुम्हाला सांगायलाच नको. शिमग्याला गोवऱ्या आणि लाकडं पळवणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. इथली पोरं कुंपणाची फाटकं उचलून न्यायची, परसातले संडास पाडायची. मिनेसोटातल्या अनोका गावाने वैतागून १९२० साली त्या रात्री मिरवणूकच काढली, म्हणजे पोरं तिकडे गुंततील. न्यू जर्सीत ३० ऑक्टोबरला अजूनही 'मिस्चिफ नाइट' म्हणतात. सकाळी एखाद्याच्या झाडावर टॉयलेट पेपरच्या झिरमिळ्या लटकलेल्या दिसल्या तर घाबरू नका.

आता सुनेचं. तिला 'काढून टाक' म्हणू नका, वाटणी मागा. लॉन तिचं, पायऱ्यांपासून उंबऱ्यापर्यंतची जागा तुमची. तिथे साधा न कोरलेला भोपळा ठेवा आणि शेवंतीच्या कुंड्या. या दिवसांत इथे भोपळ्यांच्या शेजारीच त्या रचून ठेवलेल्या असतात, 'मम्स' म्हणतात त्यांना. समोर तुमची रांगोळी. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. माझ्या नातवाला पहाटे उटणं लावून न्हाऊ घातलं आणि संध्याकाळी तो स्पायडरमॅन होऊन हिंडला. त्याला यात काही विसंगत वाटलं नाही, मग मीही गप्प बसले.

नातवाने थडग्याकडे बोट दाखवून विचारलं तर खरं ते सांगा: माणूस मेला की काही लोक त्याला पुरतात आणि वर नावाचा दगड लावतात. चार वर्षांच्या मुलाला एवढं पेलतं. 'झोपलाय' म्हणू नका हं, नाहीतर रात्री झोपायलाच घाबरेल.

काकू, आम्ही शाकाहारी आहोत. मुलं साडेतीन आणि सहा वर्षांची. बादलीतलं नेमकं काय चालतं? सहकारी सांगतात की कँडीत ब्लेड, विष असं काहीबाही निघतं, ते खरं का? आणि एवढ्या साखरेचं करायचं काय?

जिलेटिन बघायचं. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, आणि मार्शमेलो, गमी बेअर, स्टारबर्स्ट, बहुतेक कँडी कॉर्न यांत ते असतं. स्किटल्स, किटकॅट, साधी मिल्क चॉकलेटं यांत नसतं. चकाकणाऱ्या गोळ्यांवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असेल तर ती लाख, बांगड्यांची असते तीच, किड्यापासून मिळणारी. ते चालवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. छोट्या वड्यांवर बरेचदा घटक छापलेलेच नसतात. दुकानात तीच मोठी पिशवी उलटून वाचा आणि मुलांबरोबर 'आपली' आणि 'शेजारच्यांची' असे दोन ढीग करा. माझ्या मुलाला ही निवडानिवड कँडी खाण्याइतकीच आवडायची.

साडेतीन वर्षांच्यासाठी मात्र मला जिलेटिनपेक्षा घशाची काळजी जास्त आहे. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या, गम, अख्खे दाणे, पॉपकॉर्न देऊ नका, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मी त्यात चिकट कॅरॅमलही घालते. हे सगळं दादाच्या ढिगात जाईल आणि धाकटा भोकाड पसरेल. म्हणून त्याच्या बदल्यात द्यायला आधीच काहीतरी आणून ठेव: स्टिकर, छोटी गाडी, बुडबुड्यांची बाटली.

विषाचं म्हणशील, तर जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या चाळल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासात एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने गेला खरा, पण ते त्याच्या बापानेच विम्याच्या पैशांसाठी घातलेलं होतं. वेष्टन फाटलेलं, उघडलेलं काही असेल तर फेकून दे आणि तो विषय तिथेच सोड. तुझी भीती मोटारींसाठी राखून ठेव. १९७५ ते २०१६ पर्यंतच्या अपघातांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होता. चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये तो दहापट निघाला. रात्री कँडीवर टॉर्च मारून बसणारे बाप मी खूप पाहिले. तेच बाप संध्याकाळी फोनमध्ये बघत होते आणि पोरगं दोन मोटारींच्या मधून पलीकडे पळत होतं. रस्त्याची एक बाजू पूर्ण करायची, मग हात धरून कोपऱ्यावरून ओलांडायचं. मधून आडवं जायचं नाही, समोरच्या घरी कितीही मोठी चॉकलेटं असोत.

साखरेचं मी फार मनावर घेत नाही. निघण्याआधी पोटभर वरणभात, आणि आल्यावर त्या रात्री हवं तेवढं खाऊ दे. लहान पोट चार-पाच वड्यांत कंटाळतं. दुसऱ्या दिवसापासून रोज जेवणानंतर दोन, मग दात घासायचे. दिवसभर एकेक चघळत बसणं दातांना जास्त वाईट. दहाव्या दिवशी उरलेलं तू ऑफिसात नेशीलच.

हो, आणि एखाद्या पायरीवर निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणी मिळतात. ॲलर्जीवाल्या मुलांसाठी २०१४ पासून ही खूण देशभर रुळली. आपल्या दारात तो ठेवणं सोपं आहे, आणि शाकाहाराचा प्रश्नही मिटतो.

आमच्या सहा वर्षांच्या मुलाला शिवाजी महाराज व्हायचंय. सासरे म्हणतात, भुतांच्या रांगेत महाराज नकोत. मी कोणाचं ऐकू?

सासऱ्यांचं, पण माझं कारण वेगळं आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला मावळा केला. मुंडासं, अंगरखा, पुठ्ठ्याची ढाल, सगळं हाताने शिवलेलं. अकरा घरांत त्याला 'ओह, अलादीन!' म्हणाले. पहिल्या पाच घरांत त्याने समजावून सांगितलं. बाराव्या घरी तो स्वतःच म्हणाला, 'आय ॲम अलादीन.' परत येताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. महाराज मंडळाच्या शिवजयंतीला होऊ देत, तिथे दोनशे माणसं त्याला ओळखून मुजरा करतील. हॅलोवीनला दार उघडताच कळेल असं काहीतरी असू दे. फायरमन, वाघ, पिझ्झा.

आणि जे काही असेल ते एक माप मोठं घे, आत थर्मल घालता येतं. नाहीतर थंडीत वर जाकीट चढतं आणि सोंग आत बुडून जातं. पायघोळ असेल तर घोट्याच्या वर टीप मार, पाठीवर चमकणारी पट्टी चिकटव. कारमध्ये बसवताना फुगीर पोशाख काढायचा, पट्टा अंगालगत बसला पाहिजे.

आमच्या दाराशी सोळा-सोळा वर्षांची मुलं पिशव्या घेऊन येतात, सोंगही धड नसतं. द्यायचं का?

द्या. त्या रात्री ती चॉकलेट मागत हिंडतायत, यापेक्षा आणखी काय हवंय तुम्हाला?

माझ्या पहिल्या हॅलोवीनला, १९९२ साली, आमच्या अपार्टमेंटची बेल वाजली तेव्हा मला हा सण असल्याचंही ठाऊक नव्हतं. दारात परीच्या वेषातली एक मुलगी, हातात युनिसेफची नारिंगी पेटी. ही पेटी घेऊन गरीब मुलांसाठी सुटे पैसे गोळा करायची पद्धत १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झाली, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी एवढंच ताडलं की या दिवशी नाणी द्यायची असतात. कपडे धुवायच्या मशीनसाठी डब्यात साठवलेले क्वार्टर मी नंतर आलेल्या प्रत्येकाला दोन-दोन वाटले. शेवटी आलेली दाढीमिशी फुटलेली तीन पोरं 'मॅम, आर यू शुअर?' विचारून गेली. पुढचा आठवडाभर आम्ही न्हाणीघरात हाताने कपडे धुतले.

कोरलेला भोपळा चार दिवसांत बुरसटतो. आणि त्याचे घारगे होतात का?

तीस तारखेच्या आत कोरूच नका. पाच वर्षांखालच्यांच्या हाती सुरी नको; मार्करने तोंड त्यांनी काढायचं, कापायचं तुम्ही, बिया उपसायला पुन्हा ते. गर हाताला लागला की काही मुलं शहारतात, त्यांना मोठा चमचा द्या. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा, कारण सोंगांचे घोळ नेमके पायरीवरूनच जातात.

घारग्यांसाठी तो भोपळा घेऊ नका, पाणचट आणि दोरेदार असतो. शेजारी 'शुगर पंपकिन' नावाचे छोटे, गच्च भोपळे असतात, ते किसून गुळात शिजवा. कोरलेला १ तारखेला मागच्या अंगणात ठेवा. आमच्याकडच्या खारी दोन दिवसांत त्याचं नाक मोठं करतात आणि तिसऱ्या दिवशी आत जाऊन बसतात.